प्राप्तिकराची वाटणी आणि मुंबई प्रांत : संघराज्यीय समतोलाचे एक प्रकरण

संघराज्याच्या घटनेचा अभ्यास करणारा विद्यार्थी बहुधा अधिकारांच्या याद्यांपासून प्रारंभ करतो. कोणता विषय मध्यवर्ती सरकारकडे, कोणता घटकराज्यांकडे, कोणता समवर्ती सूचीत, आणि शेषाधिकार कोणाच्या हाती, एवढे समजले म्हणजे सत्तेच्या वाटणीचे स्वरूप उमगले असे त्यास वाटते. ही पद्धत चुकीची नव्हे. परंतु ती अपुरी आहे. शिक्षण हा विषय प्रांताकडे सोपविला आणि शिक्षणाच्या वाढत्या खर्चाबरोबर वाढत जाणारा कर मात्र मध्यवर्ती सरकारने स्वतःकडे ठेवला, तर प्रांताचा तो अधिकार कागदावर पूर्ण आणि व्यवहारात अर्धा राहतो. म्हणून याद्यांच्या जोडीस आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : देशाची संपत्ती वाढली असता आपोआप वाढणारा कर कोणाच्या खजिन्यात जातो?

हिंदुस्थानात असा कर प्रामुख्याने प्राप्तीवरील कर हा होता, आणि त्याच्या वाटणीविषयी सर्वांत दीर्घकाळ तक्रार करणारा प्रांत मुंबई हा होता. १९२१ ते १९६२ या चार दशकांत हा वाद कसा चालला, त्यात कोणाची बाजू कितपत खरी होती आणि निर्णय कोणत्या तत्त्वावर झाले, हे पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे. मुंबईच्या तक्रारीस मराठी लेखनात बहुधा सरळ अन्यायाचे स्वरूप दिले जाते. प्रस्तुत लेखकास ते संपूर्णपणे मान्य नाही. तथापि ती तक्रार पोकळ होती, असेही म्हणता येणार नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली तरी पुरे. १८३३ च्या सनदी कायद्याने इलाख्यांची आर्थिक स्वतंत्रता संपुष्टात आणली, आणि पुढे जवळजवळ चार दशके मुंबई व मद्रास येथील सरकारांना किरकोळ खर्चासाठीही कलकत्त्याची मंजुरी लागे. खर्च करणारा एक आणि पैसा उभारणारा दुसरा, अशी ही व्यवस्था असल्याने काटकसर करण्यात कोणत्याच प्रांताचा लाभ नव्हता. जो प्रांत अधिक मोठ्याने आणि अधिक चिकाटीने मागे, त्याच्या पदरात अधिक पडे. लॉर्ड मेयोच्या सरकारने १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने यात पहिला बदल केला. तुरुंग, नोंदणी, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय सेवा, छपाई, रस्ते व मुलकी इमारती ही खाती प्रांतांकडे सोपवून त्यांच्यासाठी एकंदर ४६,८८,७११ पौंडांची ठरीव रक्कम देण्यात आली. १८७७ मध्ये ठरीव रकमेच्या जोडीला काही उत्पन्नाची सदरेही प्रांतांना मिळाली. १८८२ मध्ये उत्पन्नाचे मध्यवर्ती, प्रांतिक आणि विभाजित असे तीन वर्ग करण्यात आले व दर पाच वर्षांनी करार नव्याने ठरविण्याची प्रथा पडली. १९०४ मध्ये हे करार जवळजवळ कायम आणि १९१२ मध्ये कायम करण्यात आले.

या पंचवार्षिक करारांत एक मोठी खोच होती. करार संपण्याच्या सुमारास एखाद्या प्रांताने काटकसरीने अथवा उत्पन्नाच्या वाढीने काही शिल्लक साठविली असली, तर नव्या करारात ती मध्यवर्ती सरकार ओढून घेई. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अलेक्झांडर मॅकेंझी यांनी प्रांतांच्या या स्थितीस लोकर कातरून घेऊन थंडीत सोडून दिलेल्या मेंढीची उपमा दिली होती. आणि ती उपमा एका उच्चपदस्थ ब्रिटिश अधिकाऱ्याने द्यावी, यातच तिचे महत्त्व आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना या पद्धतीवर टीका केली. पुढे डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १८३३ ते १९२१ या संपूर्ण कालखंडातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा सांगोपांग अभ्यास करून तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ठरीव रकमांचा, नेमून दिलेल्या उत्पन्नाचा आणि विभाजित उत्पन्नाचा, असे या इतिहासाचे त्यांनी पाडलेले तीन कालखंड आजही ग्राह्य मानावे लागतात. त्यांच्या विवेचनातील मर्म असे की, या सर्व काळात प्रांताचा म्हणून जो अर्थसंकल्प म्हटला जाई त्यास कायद्याचे अधिष्ठान नव्हते. प्रांतास कर बसविण्याचा अथवा कर्ज काढण्याचा स्वतंत्र अधिकार नव्हता. जे उत्पन्न प्रांतिक म्हणविले जाई तेही कायद्याने हिंदुस्थान सरकारचेच होते. तेव्हा या व्यवस्थेस संघराज्याचा आरंभ म्हणणे म्हणजे नावावरून वस्तूची परीक्षा करणे होय. ज्या विद्यार्थ्यांस विकेंद्रीकरण आणि संघराज्य यांतील भेद नीट समजून घ्यावयाचा आहे, त्यांनी हा ग्रंथ मुळातून वाचावा.

खरा वाद सुरू झाला तो १९१९ च्या सुधारणा कायद्यापासून. माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालाने विभाजित सदरे रद्द करण्याचे सुचविले होते. प्रांतांना जबाबदार मंत्री मिळावयाचे, तर त्यांचे उत्पन्नही त्यांचे स्वतःचे असले पाहिजे, ही त्यामागील विचारसरणी निर्दोष होती. त्याप्रमाणे आयात-निर्यात जकात, प्राप्तिकर, मीठ, अफू, रेल्वे व टपाल ही सदरे मध्यवर्ती सरकारकडे, आणि जमीनमहसूल, अबकारी, मुद्रांक, नोंदणी, जंगल व पाटबंधारे ही प्रांतांकडे गेली. तत्पूर्वी प्राप्तिकर हे विभाजित सदर असल्याने त्यातील वाटा प्रांतास मिळत असे. तो आता बंद झाला. या वाटणीमुळे मध्यवर्ती अर्थसंकल्पात ९८३ लक्ष रुपयांची तूट येणार होती, आणि ती प्रांतांनी वर्गणी देऊन भरून काढावी असे ठरले. वर्गणीचे प्रमाण ठरविण्यासाठी लॉर्ड मेस्टन यांच्या अध्यक्षतेखाली चार्ल्स रॉबर्ट्स व हिल्टन यंग यांची समिती नेमण्यात आली, आणि तिने १९२० च्या मार्चअखेर आपला अहवाल दिला. (हेच हिल्टन यंग पुढे १९२५-२६ च्या चलन आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि त्या आयोगापुढे डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर साक्ष दिली.)

मेस्टन समितीची विचारपद्धती समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढच्या साऱ्या वादाचे बीज तीत आहे. नव्या वाटणीने प्रत्येक प्रांताची खर्च करण्याची शक्ती किती वाढते हे समितीने प्रथम काढले. सर्व प्रांतांची मिळून ही वाढ १८५० लक्ष रुपये भरली. त्यात मद्रासच्या वाट्यास ५७६ लक्ष, संयुक्त प्रांताच्या वाट्यास ३९७, पंजाबच्या २८९ आणि ब्रह्मदेशाच्या २४६ लक्ष आले. बंगालला १०४ आणि मुंबईला अवघे ९३ लक्ष मिळाले. नंतर या अनपेक्षित लाभातून वर्गणी घ्यावी, म्हणजे कोणास नवा कर बसवावा लागणार नाही, असा युक्तिवाद करून समितीने मोठ्या पाच प्रांतांकडून सुमारे साठ टक्के रक्कम मागितली. मद्रास ३४८, संयुक्त प्रांत २४०, पंजाब १७५, ब्रह्मदेश ६४, बंगाल ६३, मुंबई ५६, मध्यप्रांत-वऱ्हाड २२ आणि आसाम १५ लक्ष, अशी ही वर्गणी होती. बिहार-ओरिसास ती माफ होती.

वर्गणीच्या आकड्यांकडे पाहिले तर मुंबईवर मेहेरबानी झाली असे वाटेल, आणि मद्रासने तशी ओरड केलीही. परंतु ९३ लक्षांच्या आकड्याकडे पाहिले म्हणजे चित्र पालटते. मद्रासची लोकसंख्या मुंबई इलाख्याच्या दुपटीहून काहीशी अधिक होती. लाभ मात्र सहा पटींहून अधिक झाला. याचे कारण वर्गणीत नसून करांच्या मूळ वाटणीत होते. ज्या प्रांताचे उत्पन्न मुख्यतः जमीनमहसुलाचे आणि तो महसूल पूर्वी मध्यवर्ती सरकारबरोबर वाटून घ्यावा लागत असे, त्या प्रांतास संपूर्ण महसूल मिळताच मोठा लाभ झाला. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्यामुळे महसूल गोठलेला; मुंबईत उद्योग आणि व्यापार यांची वाढ झालेली. म्हणून ज्या दोन प्रांतांत नवी संपत्ती निर्माण होत होती, त्यांच्याच हातून त्या संपत्तीवरील कर निसटला. कर सदरवार वाटून द्यावेत हे तत्त्व वरकरणी सर्वांना समान होते. पण प्रांतांची आर्थिक रचनाच असमान असल्याने त्याचे परिणाम समान होणे शक्य नव्हते. समतेने केलेली विभागणी ही समान विभागणी असतेच असे नाही, हे मेस्टन समितीच्या कोष्टकाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसून येते.

मुंबई व बंगाल यांच्या समाधानासाठी विभाजन-नियमांतील पंधराव्या नियमाने एक सवलत दिली. १९२०-२१ मध्ये करपात्र ठरलेल्या उत्पन्नाहून पुढे जी वाढ होईल, त्या वाढीवर रुपयामागे तीन पै प्रांतास मिळावयाच्या होत्या. हा तोडगा कागदावर न्याय्य दिसतो. परंतु आधारवर्ष कोणते धरले याकडे लक्ष द्यावे. महायुद्धानंतरच्या तेजीचा तो काळ होता. नफा फुगलेला होता. थोड्याच काळात मुंबईच्या गिरण्यांवर मंदीचे सावट आले, वाढ होण्याऐवजी घट झाली, आणि तीन पैंच्या त्या सवलतीचा मुंबईला लाभ नाममात्रच झाला. आर्थिक निवाड्यांत आधारवर्षाची निवड ही तपशिलाची बाब मानली जाते. वस्तुतः तत्त्वाने जे दिले ते पुष्कळदा आधारवर्षाने परत घेतलेले असते.

या व्यवस्थेचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला? द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य आणि अबकारी ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. अर्थखाते मात्र राखीव राहिले. मुंबईत रँग्लर र. पु. परांजपे हे शिक्षणमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकीर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत झाला. सक्तीच्या शिक्षणाचा जो वाढीव खर्च होईल, त्याचा निम्मा भाग नगरपालिकांना व दोन तृतीयांश भाग जिल्हा लोकल बोर्डांना सरकारने द्यावयाचा, अशी त्या कायद्यात तरतूद होती. कायदा उत्तम होता, पण तो अंमलात आणावयास पैसा नव्हता. बोर्डांच्या योजना निधीअभावी रेंगाळत राहिल्या. जमीनमहसूल तीस वर्षांच्या मुदतीने ठरलेला, दुष्काळात सूट द्यावी लागणारा. मुद्रांकाचे उत्पन्न मर्यादित. उरली अबकारी. म्हणजे ज्या मंत्र्याने मुले शाळेत आणावयाची, त्याने शाळेचा खर्च दारूच्या गुत्त्यावरील उत्पन्नातून भागवावा, अशी विचित्र अवस्था झाली. जे लोकप्रतिनिधी दारूबंदीची मागणी करीत, तेच सक्तीच्या शिक्षणाचीही मागणी करीत, आणि या दोन्ही मागण्या एकाच अर्थसंकल्पात बसणे अशक्य होते. द्विदल पद्धतीच्या अपयशाची चर्चा करताना गव्हर्नरचे खास अधिकार, राखीव खाती आणि पक्षांचा असहकार यांचा उल्लेख सर्वच ग्रंथकार करतात. प्रस्तुत लेखकाच्या मते प्राप्तिकर हातून गेल्याचा उल्लेख त्यांच्या आधी यावयास हवा.

प्रांतिक वर्गण्या पुढे हळूहळू मावळल्या. बंगालला १९२२-२३ पासून तीन वर्षांची माफी मिळाली, आणि १९२८-२९ पासून सर्वच प्रांतांच्या वर्गण्या कायमच्या रद्द झाल्या. परंतु वर्गणी रद्द झाल्याने मद्रासची तक्रार मिटली. मुंबईची तशीच राहिली, कारण ती वर्गणीविषयी नव्हतीच.

आता मुंबईच्या बाजूची परीक्षा करू. मुंबईचे म्हणणे असे की, ज्या प्रांतात कर गोळा होतो त्या प्रांताचा त्यावर पहिला हक्क. कारखाने उभे राहिले म्हणजे कामगारांची वस्ती वाढते. तिच्यासाठी पाणी, पोलीस, इस्पितळे व शाळा यांचा खर्च प्रांतास करावा लागतो. खर्च प्रांताने सोसावा आणि त्यातून निर्माण होणाऱ्या नफ्यावरील कर दिल्लीने घ्यावा, हे न्यायाचे नव्हे. यातील दुसरा भाग निर्विवाद आहे. परंतु ‘मुंबईत गोळा होणारा कर’ आणि ‘मुंबईत निर्माण झालेले उत्पन्न’ या एकच गोष्टी आहेत काय? जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी १८७७ मध्ये नागपुरास सुरू झाली, पण तिची व्यवस्था पाहणारी पेढी मुंबईची. पोलादाचा कारखाना बिहारातील साकची येथे, म्हणजे पुढील जमशेदपुरात. त्याच्या कंपनीचे नोंदलेले कार्यालय मुंबईस. खाणी बिहारच्या, मजूर बिहारचे, कारखान्याभोवतीच्या वस्तीचा भार बिहारवर, आणि कर मात्र मुंबईच्या नावे जमा, अशी तक्रार बिहारने पुनःपुन्हा केली व तिचे उत्तर मुंबईस कधी नीट देता आले नाही. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे उदाहरण तर आपल्या अधिक जवळचे आहे. कापूस पिकविणारा शेतकरी अमरावती-यवतमाळकडचा; सरकी काढणे, गठ्ठे बांधणे व वाहतूक हे सारे वाटेवर; दलालीचा आणि कापडाचा नफा मुंबईत. त्या नफ्यावरील कर कोणत्या प्रांताचा? गोळा होण्याच्या जागेवरून हक्क ठरवावयाचा, तर ज्या बंदरातून साऱ्या पश्चिम हिंदुस्थानचा माल जातो-येतो त्या बंदरावरील जकातही मुंबईचीच मानावी लागेल. आणि इतकी टोकाची मागणी मुंबईच्या पुरस्कर्त्यांनाही सहज टिकविता आली नसती.

मुंबईच्या मागणीत, या दृष्टीने पाहता, दोन भिन्न तत्त्वे मिसळलेली होती. औद्योगिक वस्तीच्या खर्चाची भरपाई हे एक, आणि करावर उगमस्थानाचा हक्क हे दुसरे. पहिल्यास भक्कम आधार होता. दुसऱ्यास तेवढा नव्हता. पण दुसरे बोलावयास सोपे आणि सभेत टाळ्या मिळविणारे असल्याने तेच पुढे करण्यात आले. याचा तोटा मुंबईलाच झाला, असे पुढील इतिहासावरून दिसते.

सायमन आयोगाचे अर्थविषयक सल्लागार वॉल्टर लेटन यांनी १९३० मध्ये वैयक्तिक उत्पन्नावरील कराचा निम्मा भाग प्रांतांना देण्याचे सुचविले. त्यानंतर गोलमेज परिषदेच्या ओघात पील व पर्सी यांच्या समित्या झाल्या. त्यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. १९३५ च्या कायद्याने प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारने बसवावा व गोळा करावा आणि त्यातील ठरावीक टक्के प्रांतांत वाटावेत, हे तत्त्व मान्य केले. हा फार मोठा बदल होता. १९१९ ची विचारसरणी कर अलग अलग करण्याची. १९३५ ची एकच कर वाटून घेण्याची. तुलनेसाठी सांगावयाचे तर ऑस्ट्रेलियात नेमके उलट घडले : तेथे राज्ये स्वतः प्राप्तिकर बसवीत असत, आणि १९४२ मध्ये युद्धाच्या निमित्ताने मध्यवर्ती सरकारने तो सर्वस्वी आपल्या हाती घेतला व तेथील उच्च न्यायालयाने ते वैध ठरविले.

वाटणीचे प्रमाण सर ऑटो नीमेयर यांनी एप्रिल १९३६ च्या अहवालात ठरविले. प्रांतांचा एकूण हिस्सा पन्नास टक्के. त्यापैकी मुंबई व बंगाल यांना प्रत्येकी २०, मद्रास व संयुक्त प्रांत यांना प्रत्येकी १५, बिहारला १०, पंजाबला ८, मध्यप्रांत-वऱ्हाडला ५, आसाम, ओरिसा व सिंध यांना प्रत्येकी २, आणि वायव्य सरहद्द प्रांतास १. पहिली पाच वर्षे रेल्वेची वर्गणी धरून मध्यवर्ती सरकारचा वाटा तेरा कोटींस पोचेपर्यंत प्रांतांच्या हिश्शातून रक्कम रोखून धरण्याची मुभाही त्यांनी ठेवली. नीमेयर यांनी काही अंशी कराचे उगमस्थान व काही अंशी लोकसंख्या विचारात घेतली. पण कोणत्या घटकास किती वजन दिले याचे गणित मांडले नाही. आकड्यांचा वाटोळेपणाच त्यांची जात सांगतो : हे सूत्राने काढलेले आकडे नसून तडजोडीने ठरविलेले आकडे आहेत. तरीही मुंबईच्या दृष्टीने हा तिच्या तक्रारीच्या इतिहासातील सर्वांत अनुकूल निवाडा होता. सिंध १ एप्रिल १९३६ रोजीच वेगळा झालेला असल्याने वीस टक्के हा वाटा उरलेल्या मुंबई प्रांताचा होता, हेही लक्षात घ्यावे.

फाळणीनंतर सिंध आणि सरहद्द प्रांत यांचे वाटे मोकळे झाले, बंगाल व पंजाब दुभंगले, आणि तात्पुरत्या वाटणीत मुंबईस २१ टक्के मिळाले. पश्चिम बंगाल मात्र वीसवरून बारावर आला. घटना समितीने नेमलेल्या नलिनीरंजन सरकार यांच्या तज्ज्ञ समितीने प्राप्तिकराचे साठ टक्के प्रांतांना द्यावेत आणि त्यापैकी वीस टक्के लोकसंख्येवर, पस्तीस टक्के वसुलीच्या जागेवर व पाच टक्के अडचणीतील प्रांतांसाठी ठेवावेत असे सुचविले. हे सूत्र घटनेत आले असते, तर मुंबईची तक्रार कायमची मिटली असती. घटना समितीने तसे केले नाही. तिने २७० व्या अनुच्छेदात वाटणीचे तत्त्व ठेवून प्रमाण ठरविण्याचे काम २८० व्या अनुच्छेदाखालील वित्त आयोगाकडे सोपविले. हा निर्णय शहाणपणाचा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वसुलीस पस्तीस टक्क्यांचे वजन घटनेतच कोरून ठेवले असते, तर मागासलेल्या राज्यांस घटनादुरुस्तीवाचून दुसरी वाट उरली नसती.

आयोग नेमला जाईपर्यंतच्या अंतरिम काळासाठी चिंतामणराव देशमुख यांनी जानेवारी १९५० मध्ये निवाडा दिला. मुंबई २१, उत्तर प्रदेश १८, मद्रास १७.५, पश्चिम बंगाल १३.५, बिहार १२.५, मध्य प्रदेश ६, पंजाब ५.५, आसाम व ओरिसा प्रत्येकी ३. त्यांनी नीमेयरची चौकट मोडली नाही. फाळणीने मोकळे झालेले वाटे तेवढे नव्याने वाटले. मुंबईचा एकवीस टक्क्यांचा आकडा त्यांनी राखला. पुढे सहाच वर्षांनी याच गृहस्थांनी मुंबई शहराच्या प्रश्नावर मध्यवर्ती अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, म्हणून निवाड्यातही प्रांताभिमान होता असा तर्क करण्याचा मोह एखाद्यास होईल. परंतु आकड्यांत त्यास आधार नाही. पश्चिम बंगालचा वाटा त्यांनी दीड टक्क्याने वाढविला, मुंबईचा एका कवडीनेही नाही.

खरे स्थित्यंतर झाले ते वित्त आयोगांच्या काळात. क्षितीशचंद्र नियोगी यांच्या पहिल्या आयोगाने राज्यांचा हिस्सा पन्नासवरून पंचावन्न टक्के केला. वाटणी मात्र ऐंशी टक्के लोकसंख्येवर व वीस टक्के वसुलीवर केली. ब वर्गातील राज्ये प्रथमच वाटणीत आली. मुंबईचा वाटा २१ वरून १७.५ वर उतरला. दोन्ही आकडे एकत्र करून पाहिले, तर एकूण प्राप्तिकरातील मुंबईचा भाग साडेदहा टक्क्यांवरून सुमारे ९.६ टक्क्यांवर आला. के. संथानम यांच्या दुसऱ्या आयोगाने राज्यांचा हिस्सा साठ टक्के केला आणि वसुलीचे वजन दहा टक्क्यांवर आणले. देशाची बाजारपेठ एक झालेली असता व्यापारी नफा अमुक एका राज्यात निर्माण झाला असे म्हणता येत नाही, आणि म्हणून वसुलीचा निकष हळूहळू नाहीसा व्हावा, अशी त्या आयोगाची भूमिका होती. मुंबईचा वाटा १५.९७ झाला. येथे वाचकांनी थांबून विचार करावा. १९५६ च्या पुनर्रचनेने मुंबई राज्यात मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र व कच्छ हे प्रदेश आले होते. कर्नाटकाचे जिल्हे गेले तरी राज्य पूर्वीहून पुष्कळ मोठे झाले होते. राज्य वाढले, त्यात मागासलेला प्रदेश वाढला, आणि प्राप्तिकरातील वाटा घटला. द्विभाषिक राज्याविषयीच्या असंतोषाची भाषिक व भावनिक कारणे सर्वांस ठाऊक आहेत. त्याच्या आर्थिक बाजूचा अभ्यास मात्र अद्याप व्हावयाचा आहे, आणि एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने तो अवश्य हाती घ्यावा.

दुसऱ्या आयोगाच्या युक्तिवादात तथ्य होते. मुंबईने उगमस्थानाचा हक्क पुढे केला, त्याच युक्तिवादाचे हे खंडन होते. नागरी वस्तीच्या खर्चाचा मुद्दा मात्र त्यात अनुत्तरित राहिला. लोकसंख्या हा निकष सोपा आणि सर्वांस समजणारा असला, तरी गरजेचे ते एक ओबडधोबड मापच आहे. गिरणगावातील चाळीत राहणाऱ्या माणसामागे पाणी, सांडपाणी व आरोग्य यांवर सरकारला करावा लागणारा खर्च आणि खेड्यातील माणसामागचा खर्च हे समान धरणे, हे गणिताच्या सोयीचे असेल; वस्तुस्थितीस धरून नाही.

याच सुमारास एक अशी घटना घडली की, तिच्याकडे वर्तमानपत्रांचे फारसे लक्ष गेले नाही, पण राज्यांच्या खजिन्यांवर तिचा परिणाम दीर्घकाळ टिकला. १९५९ च्या वित्त अधिनियमाने कंपन्यांनी भरावयाच्या प्राप्तिकराचे स्वरूप बदलले व तो निगमकरात जमा झाला. निगमकर हा घटनेनुसार वाटणीच्या बाहेरचा. म्हणजे घटनेतील एक अक्षर न बदलता, आयोगाची शिफारस न डावलता, केवळ कराची व्याख्या बदलून वाटावयाची रास लहान करण्यात आली. राज्यांनी हरकत घेतली, ती स्वाभाविक होती. ए. के. चंदा यांच्या तिसऱ्या आयोगाने राज्यांचा हिस्सा ६६.६७ टक्के केला, आणि वसुलीचे वजन पुन्हा वीस टक्क्यांवर नेले. कंपन्यांचा कर वगळल्यावर जो कर उरतो त्यात स्थानिक उत्पन्नाचा भाग अधिक असतो, असे कारण त्याने दिले. तोपर्यंत द्विभाषिक राज्य जाऊन महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली होती. महाराष्ट्रास १३.४१ व गुजरातेस ४.७८, म्हणजे मिळून १८.१९ टक्के मिळाले. हिस्सा वाढला, रास घटली, आणि या दोहोंचा निव्वळ परिणाम काय झाला हे सामान्य नागरिकास कळण्याचा मार्ग राहिला नाही.

चार दशकांच्या वादात मुंबईस जे मिळाले नाही ते तिने अन्यत्र शोधले. ऑक्टोबर १९४६ पासून विक्रीकर आला. आणि दारूबंदीमुळे अबकारीचे उत्पन्न आटत असता व्यापाराबरोबर वाढणारे असे हे पहिलेच साधन राज्याच्या स्वतःच्या हाती आले. परंतु १९५७ मध्ये गिरणीचे कापड, साखर आणि तंबाखू यांवरील विक्रीकर राज्यांनी सोडून द्यावा व त्याबदली मध्यवर्ती सरकारने अतिरिक्त उत्पादनशुल्क बसवून ते राज्यांत वाटावे, असा करार झाला. पूर्वीच्या उत्पन्नाची हमी देण्यात आली. मुंबईचे कापड या यादीत अग्रभागी होते, हे सांगावयास नको.

पुढील इतिहास दोन-तीन टप्प्यांत सांगता येतो. २००० मधील ऐंशीव्या घटनादुरुस्तीने निगमकरासह जवळजवळ सर्व मध्यवर्ती कर वाटणीच्या राशीत आले, आणि १९५९ ची तक्रार निकालात निघाली. परंतु उपकर व अधिभार राशीबाहेर राहिले, आणि त्यांच्या वाढीविषयी राज्ये तीच हरकत घेऊ लागली. महाराष्ट्राच्या अंतर्गतही हाच वाद उद्भवला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भास लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन होते. म्हणजे दिल्लीपुढे वसुलीचा निकष मांडणाऱ्या मुंबईपुढे विदर्भाने लोकसंख्येचा निकष मांडला होता, आणि १९८४ च्या दांडेकर समितीस अनुशेष मोजावयास बसावे लागले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. त्याच्या परिषदेत मध्यवर्ती सरकारच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयास तीन चतुर्थांश मतांची आवश्यकता. त्यात महाराष्ट्राच्या मताचे वजन गोव्याच्या मताइतकेच आहे. त्याच दिवशी मुंबई महानगरपालिकेची जकात बंद झाली. शहरात येणाऱ्या मालाबरोबर वाढणारे हे उत्पन्न गेले, आणि त्याऐवजी त्याच वर्षीच्या राज्य कायद्यान्वये महापालिकेस महाराष्ट्र सरकारकडून दरमहा भरपाईची रक्कम मिळू लागली.